दया आणि दाद

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

२०१७ सालच्या एप्रिल महिन्याच्या २६ तारखेस इस्लामाबाद येथील भारताचे उच्चायुक्त श्री. गौतम बंबावाले हे पाकिस्तानच्या परराष्ट्र-खात्यांत गेले आणि तेथील सचिवांच्या हातीं त्यांनीं कांहीं कागद दिले. त्यांत एका मराठी आईनें केलेलें अपील होतें. तिचा मुलगा श्री. कुलभूषण जाधव हा भारतीय नौदलांत अधिकारी होता. त्याला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें फांशीची शिक्षा दिल्याचें त्याच महिन्याच्या १० तारखेस जाहीर झालें होतें. भारत सरकारनें आरोपपत्राची व निकालपत्राची प्रत मागितली होती; ती मिळालेली नव्हती. आपला मुलगा कोणत्या पुराव्यावरून दोषी ठरला हें ठाऊक नसतांना त्या माउलीला त्या निकालाविरुद्ध दाद मागावी लागली.

हें कुटुंब पवईचें. मी मानखुर्दला राहतों. दोन्ही ठिकाणें मुंबईच्या उपनगरांतलीं. शिवाय मानखुर्दला नौदलाचें ठाणें आहे आणि त्याला तानाजी मालुसऱ्यांचें नांव दिलेलें आहे. अशा वस्तींत ती बातमी नुसती बातमी म्हणून वाचली गेली नाहीं. लष्करी न्यायालयानें एखाद्यावर दोषाचा शिक्का मारला, तर त्यानें पुढें कोणाचें दार ठोठवावें, असा प्रश्न मला चारचौघांनीं विचारला. मी कायदेपंडित नाहीं. परंतु विचारलेला प्रश्न टाळावयाचा नाहीं, ही शाळामास्तराची जन्माची संवय. मीं वाचलें, जाणत्यांना विचारलें, आणि जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम एक साधी गोष्ट सांगतों. नोकरीच्या आरंभींच्या काळांत माझ्या वर्गाच्या सहलीचे पैसे कमी भरले. पैसे गोळा करण्याचें काम ज्या मुलाकडे होतें त्याला मीं दोषी ठरविलें. तक्रार माझी, चौकशी माझी, निकाल माझा आणि छडीहि माझीच. दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. मीं मोठा उदारपणा दाखवून म्हटलें, "बाई, झालें तें झालें. मीं त्याला माफ केलें आहे." ती म्हणाली, "गुरुजी, माफी मागायला मी आलें नाहीं. हिशेब पुन्हां एकदां बघा, आणि त्याच्या समोर बघा." मीं वही उघडली. ज्यांनीं पैसे दिलेच नव्हते अशा दोन मुलांचीं नांवें 'पैसे भरले' ह्या रकान्यांत मींच लिहून ठेविलीं होतीं. मुलाची रक्कम चोख होती. त्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें कीं, माफी देणाऱ्याला स्वतःची वही उघडावी लागत नाहीं. दाद देणाऱ्याला ती उघडावी लागते.

दया आणि दाद ह्या दोहोंतील अंतर तें हेंच. दयेचा अर्ज करणारा मनुष्य निकालापुढें मान तुकवितो आणि शिक्षेंत सूट मागतो. दाद मागणारा निकालालाच हरकत घेतो. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. दाद हा मागणाऱ्याचा हक्क असतो. रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव आपण अद्यापि आदरानें घेतों, तें ते दयाळू होते म्हणून घेत नाहीं. ज्याच्या हातीं सत्ता होती त्याच्या तोंडावर निवाडा सांगण्याची त्यांची तयारी होती, म्हणून घेतों. लष्करी न्यायाचा इतिहास पाहिला तर त्यांत दयेचें दार फार पूर्वींपासून उघडें होतें आणि दादीचें दार फार उशिरां उघडलें, असें दिसून येतें. हा उशीर आपल्या देशांतहि झाला. म्हणून शेजाऱ्याच्या घरांत डोकावण्यापूर्वीं आपलें घर पाहूं.

सैन्याला निराळें न्यायालय असावें काय? असावें, असें मला वाटतें. पहाऱ्यावर झोंपणें, हुकूम न मानणें, तुकडी सोडून निघून जाणें हीं कृत्यें तुमच्या आमच्या व्यवहारांत गुन्हे ठरत नाहींत. सीमेवर मात्र एका पहारेकऱ्याची झोंप शंभरांच्या जिवावर बेतते. तेथें आजचा साक्षीदार उद्यां दुसऱ्या ठाण्यावर जावयाचा असतो आणि मुलकी न्यायालय कोसच्या कोस दूर असतें. म्हणून अधिकाऱ्यांचेंच न्यायालय बसवावें आणि त्यानें लौकर निकाल द्यावा, ही पद्धत रूढ झाली. तिलाच आपण कोर्ट-मार्शल म्हणतों. ह्या पद्धतींत त्वरा मुद्दामच ठेवलेली आहे. परंतु जेथें त्वरा तेथें चुकीचा संभव अधिक, आणि जेथें चुकीचा संभव अधिक तेथें ती सुधारण्याची सोयहि अधिक पाहिजे. प्रत्यक्षांत उलट घडलें.

इंग्रजी अमदानींत आपल्याकडे १९११ चा सेना-कायदा होता. त्याप्रमाणें कोर्ट-मार्शलचा निकाल वरिष्ठ सेनाधिकाऱ्यानें कायम करावयाचा, आणि शिक्षा कमी करावयाची असल्यास तीहि सेनेच्या अथवा सरकारच्या वरिष्ठांनींच करावयाची. वर स्वतंत्र न्यायालय नाहीं. ह्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दिल्लीच्या लाल किल्ल्यांतलें. ५ नोव्हेंबर १९४५ रोजीं आझाद हिंद सेनेचे शाहनवाझखान, सहगल व धिल्लाँ ह्या तिघांवरील खटला तेथें सुरू झाला. बचावाचें मुख्य काम मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई ह्यांनीं प्रकृति ठीक नसतांहि अंगावर घेतलें. आपला देश स्वतंत्र करण्यासाठीं लढणाऱ्या सेनेस आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयानें तो मानला नाहीं. तिघांनाहि राजाविरुद्ध युद्ध केल्याबद्दल दोषी ठरवून जन्मठेप-काळेंपाणी, बडतर्फी आणि पगाराची जप्ती अशी शिक्षा दिली. ३ जानेवारी १९४६ रोजीं सरसेनापति ऑकिन्लेक ह्यांनीं जन्मठेप माफ केली आणि बाकीची शिक्षा कायम ठेविली. देशभर आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु बारकाईनें पाहिलें म्हणजे लक्षांत येतें कीं, ते तिघे निर्दोष ठरून सुटले नाहींत. भुलाभाईंचा युक्तिवाद ज्याच्यापुढें पुन्हां मांडावा असें वरचें न्यायालयच नव्हतें. मिळाली ती दया; आणि तीहि देशांतील लोकक्षोभ पाहून.

देश स्वतंत्र झाल्यावर १९५० सालीं आपण नवा सेना-कायदा केला. पण त्याचा सांगाडा पुष्कळ अंशीं जुनाच राहिला. शिक्षा झालेल्या जवानाला कलम १६४ प्रमाणें वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांकडे अथवा केंद्र सरकारकडे अर्ज करतां येई. न्यायालयाकडे अपील करतां येत नसे. आपल्या राज्यघटनेनेंहि लष्करी न्यायालयांना सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष अपिलांतून आणि उच्च न्यायालयांच्या देखरेखींतून वगळलें. रिट अर्जाचें दार तेवढें उघडें राहिलें. परंतु रिट ऐकणारें न्यायालय, कायद्याची मर्यादा ओलांडली गेली काय, एवढेंच साधारणतः पाहतें. पुरावा पुन्हां तोलीत बसत नाहीं. नवलाची गोष्ट अशी कीं, ज्या इंग्रजांकडून आपण हा सांगाडा घेतला त्यांनीं १९५१ सालीं आपल्या सैनिकांसाठीं कोर्ट-मार्शलवरील अपिलांच्या न्यायालयाचा कायदा केला. अमेरिकेनेंहि त्याच सुमारास मुलकी न्यायाधीशांचें लष्करी अपील-न्यायालय उभें केलें. आपण मात्र जुन्या वाटेनेंच चालत राहिलों.

ह्यामुळें सामान्य जवानाचे काय हाल होत, हें रणजित ठाकूर नांवाच्या एका सिग्नलमनच्या खटल्यावरून दिसेल. १९८५ सालीं त्यानें आपल्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार नेमून दिलेल्या मार्गानें न पाठवितां परभारें वर पाठविली. त्याबद्दल त्याला २८ दिवसांची सक्त कैद झाली. कैदेंत असतां त्याला जेवण्याचा हुकूम देण्यांत आला. तो जेवला नाहीं. हा हुकूमभंग ठरला आणि दुसऱ्याच दिवशीं संक्षिप्त कोर्ट-मार्शल बसलें. त्यांत, ज्याच्याविरुद्ध त्यानें तक्रार केली होती तो अधिकारीच न्यायासनावर होता. शिक्षा झाली एक वर्षाची सक्त कैद आणि नोकरींतून बडतर्फी. जेवला नाहीं म्हणून एक वर्ष! सेनेंतील वरिष्ठांकडे केलेला अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयानें रिट सुनावणीस घेतलें नाहीं. शेवटीं १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल रद्द केला. ज्याच्या निःपक्षपातीपणाविषयीं वाजवी शंका घेतां येते त्यानें न्यायासनावर बसूं नये, आणि शिक्षा अपराधाच्या मानानें अवाजवी असूं नये, हीं दोन तत्त्वें त्या निकालानें लष्करी न्यायालाहि लागूं केलीं. ठाकूरला नोकरी परत मिळाली. पण दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचणारे असे किती? खेड्यांतून भरती झालेला, घरीं म्हातारे आईबाप असलेला जवान बहुधा पहिल्याच दारावरून परत फिरतो.

ही उणीव न्यायाधीशांच्या नजरेंतून सुटली नव्हती. १९८२ सालीं लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट बजावलें होतें कीं, पुराव्याचा फेरविचार करणारें एकहि अपील लष्करी शिक्षेवर नसणें ही आपल्या कायद्यांतील ठळक उणीव आहे. १९९९ सालीं विधि-आयोगानें आपल्या १६९ व्या अहवालांत स्वतंत्र न्यायाधिकरणाची शिफारस केली. २००७ सालीं सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति श्रीमती प्रतिभाताई पाटील ह्यांनीं त्याचें उद्घाटन केलें. १९५० पासून २००९ पर्यंत ५९ वर्षें झालीं. एका जवानाची भरती, नोकरी, निवृत्ति आणि वार्धक्य एवढ्या काळांत सहज आटोपतें.

ह्या न्यायाधिकरणाचें एक खंडपीठ मुंबईंत आहे. अपील ऐकावयास एक न्यायिक सदस्य बसतो, जो उच्च न्यायालयाचा न्यायाधीश असतो अथवा राहिलेला असतो. त्याच्या जोडीला सेनेंतील वरिष्ठ पदाचा अनुभव असलेला प्रशासकीय सदस्य असतो. म्हणजे कायदाहि जाणणारा आणि छावणीहि जाणणारा, अशी ती जोडी आहे. कलम १५ प्रमाणें कोर्ट-मार्शलचा निष्कर्ष किंवा शिक्षा ह्यांवर त्यांच्यापुढें अपील चालतें. निष्कर्ष कायद्यानें टिकण्याजोगा नसेल, कायद्याच्या प्रश्नाचा निर्णय चुकला असेल, अथवा खटल्याच्या कामांत अशी मोठी अनियमितता झाली असेल कीं तीमुळें अन्याय घडला, तर त्यांनीं अपील मंजूर करावें असें कायदा सांगतो. शिक्षा जास्त वाटल्यास ती कमी करतां येते. योग्य प्रसंगीं जामीनहि देतां येतो. हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अपिलांत शिक्षा वाढूंहि शकते; मात्र त्याआधीं अपील करणाराचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें. संक्षिप्त कोर्ट-मार्शलच्या लहानसहान शिक्षा ह्या कक्षेबाहेर आहेत. बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद झाली असेल तर अपील चालतें. त्यावर कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नासाठीं सर्वोच्च न्यायालय आहे. आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयांत रिट करण्याचा मार्ग बंद झालेला नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं स्पष्ट केलें.

ज्यांच्या घरीं कोणी सैन्यांत आहे त्यांना येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. खटल्याच्या कामकाजाची प्रत मागण्याचा हक्क आरोपीला आहे. ती प्रत प्रथम हस्तगत करावी. निकाल कायम होण्यापूर्वींहि अर्ज करतां येतो आणि कायम झाल्यावरहि करतां येतो. त्या अर्जांत 'साहेब, कुटुंबाकडे पाहून माफ करा' एवढेंच लिहूं नये. कोठें चुकलें, कोणता साक्षीदार बोलावला गेला नाहीं, कोणता प्रश्न विचारूं दिला नाहीं, हें कलमवार लिहावें. पुढील अपिलाचा पाया तेथेंच भरला जातो.

आतां पुन्हां पवईच्या त्या माउलीकडे वळूं. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणें जाधव ह्यांना ३ मार्च २०१६ रोजीं बलुचिस्तानांत अटक झाली आणि ते हेरगिरी व घातपात करीत होते. भारताचें म्हणणें असें कीं, ते निवृत्त होऊन इराणांत व्यापार करीत होते आणि तेथून त्यांना पळवून नेण्यांत आलें. ह्या दोहोंचा निवाडा मी येथें करीत नाहीं. निवाडा कसा झाला, एवढेंच पाहतों. अटकेची खबर भारताला २५ मार्च रोजीं, म्हणजे तीन आठवड्यांनीं, मिळाली. त्या दिवसापासून भारतानें आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना कैद्याची भेट मिळावी अशी वारंवार मागणी केली. ती मान्य झाली नाहीं. सप्टेंबर २०१६ पासून बंद दारामागें लष्करी न्यायालय चाललें आणि पुढल्या एप्रिलांत फांशीची शिक्षा जाहीर झाली. तेथील १९५२ च्या सेना-कायद्यांत कलम १३३-ब प्रमाणें अपील आहे. पण तें ऐकणारें न्यायालय सेनाप्रमुखाचें किंवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यांचेंच असतें. माझ्या त्या वहीची येथें आठवण होते. ज्यानें आंकडे लिहिले त्यानेंच ते तपासावयाचे!

८ मे २०१७ रोजीं भारतानें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत धांव घेतली. भारताची बाजू मांडली नागपुरांत वाढलेले ॲड. हरीश साळवे ह्यांनीं. त्यांनीं त्यासाठीं एक रुपया मानधन घेतलें. दहाच दिवसांत, १८ मे रोजीं, त्या न्यायालयानें अंतिम निकाल होईपर्यंत फांशी देऊं नये असा एकमतानें आदेश दिला. मध्यंतरीं जून महिन्यांत पाकिस्ताननें जाहीर केलें कीं, लष्करी अपील फेटाळलें गेलें असून जाधव ह्यांनीं सेनाप्रमुखाकडे दयेचा अर्ज केला आहे. आईनें मागितलेली दाद नाकारली गेली आणि मुलाच्या नांवानें दयेची मागणी पुढें आली!

त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं आई आणि पत्नी इस्लामाबादेस जाऊन त्यांना भेटल्या. मध्यें कांचेचा पडदा होता आणि बोलणें यंत्रांतून होतें. भारताच्या परराष्ट्र-खात्यानें दुसऱ्या दिवशीं जाहीर केलें कीं, भेटीपूर्वीं त्या दोघींचीं मंगळसूत्रें, बांगड्या व कुंकूं काढावयास लाविलें, आणि आई मराठींत बोलूं लागली असतां तिला वारंवार अडविण्यांत आलें. श्रोते हो, फांशीच्या छायेंतील मुलाशीं आईनें कोणत्या भाषेंत बोलावें? सुरक्षिततेचीं कारणें कांहींहि असोत. ज्या व्यवस्थेंत आईला मुलाशीं मायबोलींत दोन शब्द बोलतां आले नाहींत, तेथें त्या कैद्याला आपला बचाव नीट मांडतां आला असेल, हें मनाला पटणें कठीण आहे.

१७ जुलै २०१९ रोजीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें निकाल दिला. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणें परदेशी कैद्याला त्याचे हक्क विनाविलंब सांगावे लागतात, त्याच्या देशाला कळवावें लागतें, आणि त्या देशाच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटूं द्यावें व त्याच्यासाठीं वकिलाची तजवीज करूं द्यावी लागते. ह्या तिन्ही बाबतींत पाकिस्ताननें करार मोडला, असें न्यायालयानें १५ विरुद्ध १ मतानें ठरविलें. हेरगिरीचा आरोप असलेल्यांना हें कलम लागूं नाहीं, हा पाकिस्तानचा बचाव त्यानें स्वीकारला नाहीं. मात्र शिक्षा रद्द करून जाधव ह्यांना सोडून द्यावें, ही भारताची मागणीहि मान्य झाली नाहीं. आदेश झाला तो असा कीं, दोष आणि शिक्षा ह्या दोहोंचा परिणामकारक फेरविचार व्हावा, त्यासाठीं लागल्यास नवा कायदा करावा, आणि तोंवर फांशी स्थगित असावी.

त्या निकालांत एक गोष्ट अशी आहे कीं, तिच्यासाठींच मीं आजचा हा विषय घेतला. दयेच्या अर्जाची प्रक्रिया ही केवळ तेवढ्यानें फेरविचाराची जागा घेऊं शकत नाहीं, असें न्यायालयानें नमूद केलें. मेक्सिकोनें अमेरिकेविरुद्ध आणलेल्या खटल्यांत २००४ सालीं त्यानें हेंच सांगितलें होतें. पवईच्या माउलीनें जें मागितलें होतें त्याला जगाच्या न्यायालयानें दिलेला हा दुजोरा होय.

पुढें काय झालें? २ सप्टेंबर २०१९ रोजीं भारतीय अधिकाऱ्यांना प्रथम भेट मिळाली. मे २०२० मध्यें पाकिस्ताननें वटहुकूम काढून इस्लामाबादच्या उच्च न्यायालयांत फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय केली. पण जूनमध्यें तेथील सरकारनें सांगितलें कीं, जाधव तो अर्ज करूं इच्छीत नाहींत; आपला दयेचा अर्जच पुढें चालवूं इच्छितात. त्यांच्यावर दडपण आणल्याचा आरोप भारतानें केला. जुलैमध्यें झालेली भेटहि निर्वेध नव्हती, असें भारतीय अधिकाऱ्यांनीं सांगितलें. भारतानें भारतीय वकील देऊं द्यावा असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्या वटहुकुमाचा कायदा झाला. म्हणजे दार कागदावर उघडलें, परंतु त्या दारांतून आंत जाण्यास मोकळा मनुष्य, विश्वासाचा वकील आणि खटल्याचे कागद हीं तिन्ही लागतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या हातीं पोलीस नाहीं. त्याच मेक्सिकोच्या खटल्यांतील एका कैद्याला, त्याचा आदेश असतांहि, २००८ सालीं टेक्सासमध्यें मृत्युदंड देण्यांत आला. असें असलें तरी त्या आदेशाचें मोल कमी होत नाहीं: २०१७ च्या मे महिन्यांत तो आदेश झाला नसता, तर पुढील कोणत्याहि फेरविचाराला अर्थच उरला नसता. आणि बाहेरून आलेला हा विचार घरांतूनहि उमटतो. ७ मे २०२५ रोजीं पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानें नागरिकांवरील लष्करी खटले चालूं ठेवण्यास मान्यता दिली, पण त्याबरोबरच अशा शिक्षांवर उच्च न्यायालयांत स्वतंत्र अपिलाची तरतूद करावी असें सरकारला सांगितलें.

कोणी म्हणेल, "शत्रूच्या हेराला अपील कशाला?" पण तो हेर आहे कीं नाहीं हेंच तर अपिलांत ठरावयाचें असतें! ह्या प्रश्नाचें उत्तर मुंबईनें कृतीनें दिलेलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत हातांत बंदूक घेऊन पकडल्या गेलेल्या अजमल कसाबचा खटला आपण मुलकी न्यायालयांत चालविला. ६ मे २०१० रोजीं शिक्षा झाली. २०११ च्या फेब्रुवारींत उच्च न्यायालयानें आणि २०१२ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. त्याच्यासाठीं न्यायालयांनीं वकील नेमून दिले. त्यानंतर दयेचा अर्ज, आणि तो फेटाळल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यास फांशी. आधीं दाद, मग दया, हा योग्य क्रम होय. आणि हें विसरूं नये कीं, त्याच खटल्यांतले दोन भारतीय सहआरोपी निर्दोष ठरले, आणि त्यांची सुटका वरच्या दोन्ही न्यायालयांत टिकली. शहराचें रक्त तापलेलें असतांना ज्या न्यायालयांनीं तिघांना एका दोरींत बांधलें नाहीं, त्यांनीं मुंबईची अब्रू राखली. आपण शत्रूला जें दिलें तेंच आपल्या माणसासाठीं मागावयाचें आहे. म्हणून तें ताठ मानेनें मागतां येतें.

शिस्त सैल होईल, ही भीति आपल्याकडेहि पुष्कळांनीं वर्षानुवर्षें घातली. माझा अनुभव निराळा आहे. त्या दिवशीं मीं वर्गासमोर चूक कबूल केली, तेव्हां वर्ग बेशिस्त झाला नाहीं. पुढें मीं कोणाला शिक्षा केली तर ती योग्य असेल, असा विश्वास मुलांना वाटूं लागला. ज्या जवानाला ठाऊक आहे कीं आपल्यावर अन्याय झाला तर वर दाद लागेल, तो हुकूम अधिक निःशंकपणें पाळतो.

दया हा थोर गुण आहे. मी तिच्याविरुद्ध बोलत नाहीं. परंतु तिनें दादीच्या जागीं येऊन बसूं नये. कधीं शेजारच्या जवानाच्या घरावर असा प्रसंग आला, आणि कोणी भल्या मनानें त्यांना म्हणालें कीं, "माफी मागा आणि मोकळे व्हा," तर आपण त्यांना एवढेंच सांगावें: माफी मागण्यास सवड पुष्कळ आहे, आधीं वही उघडावयास लावा.